बाहुलीचं कपाट आणि आदिवासी माणूस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जणी, आणि आता काही पुरुषही, एकत्र बसून बाहुल्यांचे कपडे शिवतो. आमच्या बाहुल्या वारली, कातकरी, ठाकर, महादेव कोळी, पावरा, गोंड अशा समाजांतल्या आहेत. हे सांगितलं की लोक भराभर प्रश्न विचारतात. काही शिवणाचे असतात, पण बरेचसे मनातल्या शंकांचे. नेहमी येणारे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे लिहून ठेवते.

बाहुल्याच का? मोठ्यांसाठी एखादं व्याख्यान ठेवलं तर नाही का चालणार?

व्याख्यानांना पुण्यात तोटा नाही आणि ती व्हावीतही. पण कंबरेला पानं, हातात भाला, तोंडानं ‘झिंगालाला’ असा आदिवासी मनात बसतो तो चार-पाच वर्षांच्या वयात. खेळताना, टीव्ही बघताना, बालवाडीच्या गॅदरिंगमध्ये. पुढे चाळिशीत ऐकलेलं व्याख्यान त्या चित्राला धक्काही लावू शकत नाही. म्हणून आम्ही खेळण्यापासून सुरुवात केली.

बाहुली किती खोल जाते याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४०च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर त्या हुबेहूब सारख्या होत्या. चांगली कुठली, वाईट कुठली, तुझ्यासारखी कुठली, असे साधे प्रश्न विचारले. बहुतेक मुलांनी गोरीला चांगलं म्हटलं. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधलं वर्णावरून वेगळं बसवणं घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा या कामाचाही आधार घेतला गेला. इतक्या लहान वयात ‘चांगलं कोण’ हे ठरून गेलेलं असतं, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये मूल आदिवासी झालं तर बिघडलं काय? मुलं तर आनंदानं करतात.

मुलांचा आनंद खरा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वेशात काय काय असतं ते एकदा नीट बघा. चेहऱ्याला काजळ किंवा काळा रंग. कंबरेला क्रेप कागदाची पानं. डोक्यावर पट्टीत खोचलेलं एक पीस. गळ्यात प्लास्टिकची हाडं. हा वेश वारल्यांचा नाही, कोरकूंचा नाही, गोंडांचा नाही, जगातल्या कुठल्याच समाजाचा नाही. त्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं पीस आहे, आफ्रिकेबद्दलच्या जुन्या सिनेमांतला भाला आहे आणि आपल्या मनातली भीती आहे.

आता त्याच वर्गात जुन्नर किंवा आंबेगावच्या डोंगरातून शिकायला आलेलं महादेव कोळ्यांचं एखादं मूल बसलेलं असतं, ही शक्यता पुण्यात अजिबात लांबची नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक एक कोटीहून जास्त आहेत, म्हणजे दर शंभरांत नऊपेक्षा अधिक. मंचावर ‘आदिवासी’ नाचतो, सगळे हसतात, आणि ते मूल घरी जाऊन आईला काय सांगणार? पुष्कळ मुलं काहीच सांगत नाहीत. ती आडनाव, गाव, जात लपवायला शिकतात. मला या वेशाचा राग आहे तो एवढ्यासाठी.

मग तुम्ही नेमकं काय शिवता?

कपाट. एका बाहुलीला एक पोशाख हे आम्ही करत नाही. आमच्या प्रत्येक बाहुलीला निदान चार जोड असतात : घरचा किंवा रानातला, शाळेचा वा कामाचा, सणाचा आणि एक तिला आवडतो म्हणून. आमच्या कामाचा सगळा जोर यावर आहे. ज्या माणसाला एकच कपडा दिला जातो तो नमुना होतो. ब्रिटिशांच्या काळात जाती-जमातींचे फोटो काढले गेले तेही असेच : समोरून, बाजूनं, अंगावर ‘त्यांचा’ पोशाख, खाली जमातीचं नाव, आणि माणसाचं नाव बहुधा नाहीच. कपडे बदलता आले की बाहुलीला सकाळ-संध्याकाळ येते, बाजारचा दिवस येतो, परीक्षा येते, लग्न येतं.

उदाहरण सांगते. आमच्या एका कपाटात रनिंगचे बूट, शॉर्ट्स आणि ट्रॅकसूट आहे, कारण २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतनं आणलं. दुसऱ्या कपाटात जाड पफर जॅकेट आहे, कारण मे २०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. डॉक्टरचा पांढरा कोट आहे. वकिलाचा काळा कोट आहे. एक साधं सुती नऊवारी आहे, जसं नेसून बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे सगळीकडे वावरतात, पद्मश्री मिळाल्यावरही. बाहुल्या या कुणाच्या प्रतिकृती नाहीत, पण मुलांनी विचारलं की सांगायला खरी माणसं असावी लागतात.

ही तर अगदी आपल्यासारखीच दिसते! आदिवासी वाटतच नाही.

महादेव कोळ्यांची बाहुली पाहून हे वाक्य हमखास येतं. आजोबा बाहुल्याला धोतर, बंडी आणि पांढरी टोपी, आजीला नऊवारी आणि चोळी. मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्यासारखे दोघं. बघणाऱ्याची निराशा होते.

त्या निराशेवर आम्ही थांबतो. कुणी पिसं-पानांची वाट पाहत होतं का? सह्याद्रीतल्या कितीतरी आदिवासी समाजांचा वेश शेजारच्या गावकऱ्यांसारखाच आहे, कारण पाऊस तोच, भातखाचर तेच, बाजार तोच. ओळख भाषेत असते, देवांत असते, गाण्यांत, जमिनीशी असलेल्या नात्यात असते. राज्याच्या यादीत ४५ जमाती आहेत. त्या सगळ्या एकसारख्या आणि बाकीच्यांहून वेगळ्या दिसाव्यात, हा हट्ट आपला आहे.

उलट टोकालाही आम्ही जात नाही. सातपुड्यातल्या पावरा बायकांचे चांदीचे दागिने भारदस्त असतात, ते आम्ही तितक्याच थाटात करतो. जिथे वेगळेपण आहे तिथे ते पुसायचं नाही, जिथे नाही तिथे चिकटवायचं नाही.

वारली चित्रांचं कापड मिळतं बाजारात. त्याचा ड्रेस शिवला की वारली बाहुली तयार, नाही का?

नाही. वारली चित्रं ही परंपरेनं भिंतीवरची. गेरू-शेणामातीनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, लग्नाच्या वेळी सवाशिणी देवचौक लिहायच्या, त्यात पालघट देवी असायची. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी ती कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कुर्ते, उशांचे अभ्रे आणि मोबाइलची कव्हरं त्यानंतरची. वारली आजी अंगावर स्वतःच्या देवचौकाचं छापील कापड घालून भात लावत नाही. तिच्या बाहुलीला लुगडं हवं. ते कापड फार आवडत असेल तर बाहुलीच्या घराची भिंत सारवा आणि चित्र भिंतीवर काढा.

कापडावर चित्र हवंच असेल, तर ते वारली चित्रकाराकडून काढून घ्या आणि त्याचे पैसे द्या.

लुगडं नेमकं कसं करायचं? नऊवारी म्हणजे केवढं कापड?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबवते. बाजारात मिळणारी फॅशन बाहुली साधारण २९ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे माणसाच्या एकषष्ठांश. हिशोबानं आठ मीटर वीस सेंटिमीटरच्या नऊवारीचं सुमारे १ मीटर ३७ सेंटिमीटर होतं. पण तसं नेसवून बघा, बाहुलीच्या कमरेला वळकटी होते. लांबी-रुंदी लहान करता येते, सुताची जाडी करता येत नाही. म्हणून लांबी निम्म्यावर आणायची आणि निऱ्यांचा भास कमी निऱ्यांत साधायचा.

वारली किंवा कातकरी बायकांचं जुन्या पद्धतीचं लुगडं गुडघ्याच्या आसपास असतं. चिखलात उभं राहून काम करणाऱ्याला खाली लोंबणारं कापड परवडत नाही. आम्ही त्याचे दोन तुकडे करतो. खालचा ११ सेंटिमीटर रुंद आणि ६० लांब, वरचा पदर १२ रुंद आणि ३५ लांब. खालचा तुकडा कमरेला गुंडाळून पुढे गाठ मारायची, मधल्या निऱ्या दोन पायांतून मागे घेऊन कासोटा खोचायचा. लहान मुलांना हे जमत नाही, म्हणून कासोट्याच्या टोकाला आतून एक टिचबटन लावतो. नेसायची रीत तशीच राहते आणि खेळता येतं.

कापड मऊ हवं. नवं पॉपलीन उभं राहतं, बाहुलीच्या अंगावर पत्र्यासारखं दिसतं. आजीचं विरलेलं लुगडं किंवा पुष्कळ धुतलेली मलमल उत्तम. चौकडा हवा असेल तर पुरुषांचे हातरुमाल धुंडाळा. त्यांची बारीक चौकट या मापाला बरोबर बसते. काठ आठ मिलिमीटरच्या वर नको. मशीनला ११ नंबरची सुई, टाका दीड मिलिमीटरचा, आणि कापडाखाली पतंगाचा कागद धरायचा, नाहीतर मशीन एवढासा तुकडा गिळतं. शिवून झाल्यावर कागद फाडून टाकायचा. चोळीच्या बाह्या आधी सपाट शिवा, बगलेची शिवण शेवटी.

इतकं करून आमची एक बाहुली आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाकर आजींना दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, कासोटा ओढून पाहिला, बरा आहे म्हणाल्या. मग विचारलं, ‘‘कोयता कुठं अडकवायची ही? आकडी न्हाई का हिला?’’ कमरेमागे बांधायची ती लाकडी आकडी. रानात जाणारी बाई कोयता हातात घेऊन चढत नाही, दोन्ही हात मोकळे लागतात. तेव्हापासून आइसक्रीमच्या काडीची एवढीशी आकडी आणि पत्र्याचा बोथट कोयता प्रत्येक रानातल्या जोडात असतो. भाल्याच्या जागी कोयता आला, आणि भीतीच्या जागी काम. हा बदल आम्हाला सुचला नव्हता. ज्यांचं आयुष्य आहे त्यांनीच तो करून दिला.

पावसाळ्याचं काय?

इरलं आहे. बांबूच्या कामट्या आणि पानांचं. झाडूच्या हिरांचा सांगाडा आणि वाळवलेली पळसाची पानं, अशी छोटी प्रतिकृती होते. पण आज लावणीला बहुतेक जणी प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतात, म्हणून निळ्या ताडपत्रीचा तुकडाही त्याच कपाटात ठेवतो. दोन्ही खरं आहे.

बाहुली कुठली घ्यायची? आणि रंग?

दुकानातल्या बहुतेक बाहुल्या गुलाबी-गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. त्यांना रंगवत बसू नका, रंग निघतो आणि काळा फासल्याचा भास होतो. आम्ही कापडी बाहुल्या करतो. मलमल तुरटीच्या पाण्यातून काढून चहात उकळली की गव्हाळ रंग येतो, काथात टाकली की गडद तपकिरी. वाळल्यावर छटा उतरते, म्हणून हवी त्याहून थोडी गडद करा. एकाच घरातल्या बाहुल्यांच्या छटा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवा, माणसांच्या असतात तशा. केस काळ्या लोकरीचे. डोळे-तोंड रेशमानं भरायचं. गोंदण आजी बाहुलीच्या कपाळावर चालेल, शाळकरी मुलीला नको.

सामानासाठी रविवार पेठ. बोहरी आळीत मणी, टिचबटनं, लेस सगळं मिळतं. कातरण मात्र विकत घेऊ नका. ओळखीच्या शिंप्याला सांगून ठेवलं की पिशवी भरून देतो.

होळीच्या मोरपिसांचा टोप करून द्याल का? फोटोत फार सुंदर दिसतो.

सुंदर आहेच. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे उंच टोप, घुंगरं आणि अंगावर राखेची नक्षी घेऊन रात्रभर नाचणारे लोक नवसाचे असतात, ते दिवस पथ्याचे असतात. तो वेश हौसेचा नाही. म्हणून आम्ही तो खेळण्यात आणत नाही. त्या समाजातल्या कुणी आपल्या मुलांसाठी करायचं ठरवलं तर गोष्ट वेगळी, तो निर्णय त्यांचा.

अमेरिकेतही हीच चर्चा आहे. तिथल्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवासी समाजांत गरुडपिसांचा मोठा टोप पराक्रमानं आणि सन्मानानं मिळवावा लागतो, आणि तोच दुकानांत पार्टीसाठी विकला जातो.

मी स्वतः आदिवासी नाही. मला हे करायचा अधिकार आहे का?

आमच्यातल्या बऱ्याच जणीही आदिवासी नाहीत. सुई धरायला हरकत नसावी. ठरवायचा हक्क मात्र आपल्याकडे नाही. अमेरिकेतली दोन उदाहरणं आम्ही नव्या लोकांना नेहमी सांगतो. २००२ साली ‘अमेरिकन गर्ल’ या बाहुल्यांच्या मालिकेत तिथल्या मूळ रहिवाशांपैकी नेझ पर्स समाजातली काया नावाची बाहुली आली. ती त्या समाजातल्या लोकांशी सल्लामसलत करून घडवली. त्या मालिकेतल्या बाहुल्यांचे पुढचे दात दिसतात, पण नेझ पर्स रीतीत दात दाखवणं आक्रमक मानलं जातं, म्हणून कायाचे ओठ मिटलेले ठेवले. विचारलं म्हणून कळलं. याउलट २०२३ साली चेरोकी राष्ट्राच्या, म्हणजे तिथल्याच आणखी एका मूळ रहिवासी समाजाच्या, पहिल्या महिला प्रमुख विल्मा मॅनकिलर यांची बार्बी निघाली. मान मोठा होता, चेरोकी लोकांना आनंदही झाला, पण पेटीवरच्या चेरोकी लिपीतलं एक अक्षर चुकलं होतं आणि ते त्यांनीच दाखवून दिलं.

म्हणून आमचा शिरस्ता असा : नमुना आधी त्या समाजातल्या माणसांना दाखवायचा, त्यांच्या वेळेचं मानधन द्यायचं, आणि ते ‘नको’ म्हणाले तर वाद न घालता बाजूला ठेवायचा.

पुण्यात बसून हे पाहायचं कुठे?

क्वीन्स गार्डन भागात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. संस्था १९६२ पासूनची. कपडे, दागिने, वाद्यं, अवजारं, मुखवटे पाहायला मिळतात. वही घेऊन जा, दागिन्याचं माप डोळ्यांनी घ्या, शिवण कुठे आहे ते पाहा. पण संग्रहालयात वस्तू थांबलेल्या असतात. चालता-बोलता पोशाख पाहायचा तर घोडेगाव, जुन्नरच्या आठवडी बाजारात जा. एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. भाजी घ्या, हिरडा घ्या, गप्पा मारा. परवानगीशिवाय फोटो नको. पुण्यातल्या आदिवासी वसतिगृहांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी कितीतरी मुलं-मुली आहेत. आमच्या जीन्स आणि हुडीच्या जोडांचे खरे सल्लागार तेच.

सगळेच जीन्स घालतात तर लुगडं शिवायचं कशाला?

वसतिगृहातल्या एका मुलीनंच हे विचारलं होतं, आणि तिच्या शेजारचीनं उत्तर दिलं : ‘‘माझी आजी नेसते म्हणून.’’ आम्ही त्यात भर घालत नाही.

पारधी बाहुली का नाही तुमच्याकडे?

आहे, आणि तिचं कपाट करताना सर्वांत जास्त चर्चा झाली. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यात पारधीही आले. तो शिक्का कायद्यानं १९५२ साली पुसला, लोकांच्या डोळ्यांतून गेला नाही. सिग्नलवर फुगे विकणाऱ्या मुलीकडे गाडीची काच वर करून बघणारी नजर आपण रोज पाहतो. म्हणून तिच्या कपाटाची सुरुवात शाळेच्या गणवेशापासून केली. निळा पिनाफोर, पांढरा ब्लाउज, दोन वेण्यांना लाल रिबिनी आणि दप्तर. तिच्यासाठी फुगे करायचे नाहीत हे आमच्या ओळखीच्या पारधी कुटुंबानं ठरवलं.

मुलगे खेळतील?

खेळतात. पफर जॅकेट सर्वांत आधी तेच मागतात.

आमच्या शाळेत हा उपक्रम घेता येईल का?

जरूर. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. त्या आठवड्यात वेशभूषा स्पर्धेऐवजी हे करा. चार-पाच मुलांच्या गटाला एक बाहुली आणि तिचं पूर्ण कपाट द्या. जमातीचं नाव आधी सांगू नका. ‘ही उद्या सकाळी कुठे निघाली आहे? त्याप्रमाणे कपडे घाला’ एवढंच म्हणा. कुणी तिला शाळेत पाठवतं, कुणी शर्यतीला, कुणी शेतावर. मग तिचं गाव, समाज, भाषा सांगा. वर्गात आदिवासी मूल असेल तर त्याला उभं करून ‘तू सांग तुमच्यात काय घालतात’ असं विचारू नका. त्याला खेळू द्या.

बाहुल्या विकत मिळतील?

विकत नाही. कागदी नमुने मोफत देतो. शिवलेलं विकायचं असेल तर ज्या समाजाचा पोशाख आहे त्यांच्याशी आधी बोला आणि मिळकतीचा वाटा ठरवा.

पहिल्यांदा येताना काय आणू?

बारीक टोकाची कात्री, ९ नंबरची हातसुई, घरातलं मऊ झालेलं एखादं जुनं सुती कापड. शिवण येत नसेल तरी या. टिचबटनं लावायला आणि मणी ओवायला कायम हात कमी पडतात. चष्मा लागत असेल तर तो विसरू नका, काम फार बारीक आहे.